धुक्यातला सडा, भरतीतले खडप आणि हातातला जीपीएस

जून लागला की कोल्हापुरात रेनकोटाबरोबर आणखी एका गोष्टीची चौकशी सुरू होते, ती पन्हाळा–पावनखिंड–विशाळगड मोहिमेची. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज ज्या वाटेने निसटले, त्या वाटेने दरवर्षी हजारो पावले चिखल तुडवत जातात. या दिवसांत ओळखीचे-अनोळखी फोन करतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो : मोबाइल असताना वेगळा जीपीएस संच कशाला घ्यायचा, आणि घ्यायचाच तर कोणता? ऑक्टोबरनंतर हाच प्रश्न दुसऱ्या तोंडाने येतो. तेव्हा विचारणारे मालवण-देवगडकडे शिडाची होडी किंवा कयाक घेऊन उतरणारे हौशी असतात. फोनवर पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी भूगोलाचा पदवीधर नाही आणि मोजणी खात्यातला तर नाहीच. गेली अनेक वर्षे कोल्हापूर जिल्ह्यातून कोकणात उतरणाऱ्या जुन्या घाटवाटा, त्यांच्या कडेची पाण्याची टाकी, वीरगळ आणि सतीशिळा यांच्या नोंदी करतो. जुन्या नोंदींत जागा कशी सांगितलेली असते? ‘गावाच्या पश्चिमेस, ओढ्याकाठी, मोठ्या आंब्याखाली.’ पुढे आंबा पडतो, ओढ्यावर बंधारा होतो, गावच वर सरकते आणि वीरगळ हरवतो. तो तिथेच असतो, पण सापडत नाही. अक्षांश-रेखांश लिहून ठेवले तर निदान पन्नास वर्षांनी येणारा माणूस दहा पावलांच्या आत येऊन उभा राहील. या कामासाठी मी जीपीएसकडे वळलो, आणि यंत्र निवडायचे तर आधी ते काय करते हे समजून घ्यावे लागले.

यंत्राचे काम सांगायला सोपे आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत एवढेच सांगत असतात, की मी अमुक, मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. किती वेळ लागला हे कळले की अंतर कळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा ठरते. चौथा लागतो तो आपल्या हातातल्या संचाचे स्वस्त घड्याळ दुरुस्त करायला. कारण वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात तीनशे मीटरची चूक होते. हा संच उपग्रहाला काहीही पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. ‘रेंज नाही म्हणून जीपीएस चालला नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचे उत्तर छापून खिशात ठेवावे असे वाटते. रेंज मोबाइलच्या मनोऱ्याची असते. जीपीएसला हवे असते उघडे आकाश.

मोबाइलमध्येही हाच ग्रहणी बसवलेला असतो, आणि आजच्या चांगल्या मोबाइलमधला तो जुन्या हातसंचांपेक्षा कमी नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर मोबाइल रेंजशिवायही जागा दाखवतो. तेव्हा जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याची तटबंदी, हिवाळ्यातली एका दिवसाची भटकंती यांसाठी वेगळ्या संचावर पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्न येतो तो मोबाइल मोबाइल राहत नाही तेव्हा.

मसाई पठाराचे उदाहरण घ्या. पन्हाळ्याच्या पश्चिमेला पसरलेला हा जांभ्या दगडाचा सडा उघडा आहे, सपाट आहे आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस ढगात असतो. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मळलेली वाट एक नसते. गुरांच्या ढोरवाटा सडाभर फाटे फोडत जातात आणि त्यांतली एखादी थेट कड्याच्या कडेला नेऊन सोडते, कारण गुरांना तिथले गवत हवे असते, कुंभारवाडी नको असते. वारा पाऊस आडवा मारतो. अशा वेळी मोबाइलचा पडदा बोट ओळखत नाही, पाण्याचा थेंबच बोट समजून नकाशा भलतीकडे सरकवतो. थंडीने आणि रेंज शोधण्याच्या धडपडीने बॅटरी उतरते. आणि त्याच बॅटरीवर संध्याकाळी घरी ‘पोहोचलो’ हा फोनही करायचा असतो. जागा सांगणारे आणि मदत मागणारे साधन एकच असेल, तर ते बंद पडले की दोन्ही गेली. माझ्या लेखी वेगळा संच घेण्याचे खरे कारण एवढेच आहे.

आता निवडीकडे. बाजारात पूर्वी मॅगेलन, लॉरन्स, गार्मिन अशी नावे होती. हातात मावणारा पहिला व्यापारी जीपीएस मॅगेलननेच १९८९ साली आणला होता. आज दुकानात मागाल तर बहुतेक एकाच कंपनीचे संच समोर येतील. मी तिचा विक्रेता नाही, पण उदाहरणे त्याच संचांची द्यावी लागतील. किमती देत नाही, त्या अंक छापून होईपर्यंत बदललेल्या असतात.

दुकानदार पहिल्यांदा पडद्याचा आकार दाखवतो. मी पहिल्यांदा विचारतो, अँटेना कुठली? लहान ईट्रेक्स जातीच्या संचांत चौकोनी चकतीसारखी अँटेना असते. ती आकाशाकडे तोंड करून, म्हणजे संच तळहातावर आडवा धरला की नीट ऐकते. जीपीएसमॅप ६४, ६५, ६६ या जातीच्या संचांच्या डोक्यावर जाड बोटासारखा भाग असतो. त्यात वळसेदार अँटेना असते आणि ती संच उभा धरला असता, पाठपिशवीच्या पट्ट्याला लटकवला असता चांगली चालते. पठारावर दोन्हींत फरक जाणवत नाही. पांढरेपाण्याहून पुढे पावनखिंडीच्या बाजूला झाडी दाटते, दोन्ही बाजूंनी उतार चढतात आणि आकाशाची फक्त पट्टी उरते. तिथे फरक दिसतो. शिवाय कड्यावर आपटून आलेला संदेश थेट आलेल्या संदेशापेक्षा लांबचा प्रवास करून येतो. संचाला वाटते उपग्रह तेवढा दूर आहे, आणि नकाशावर आपण दरीच्या पलीकडच्या अंगाला उभे असल्यासारखे दिसतो.

यावर दोन इलाज निघाले आहेत. एक, अनेक देशांचे उपग्रह ऐकणे : अमेरिकेचा जीपीएस, रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ. आकाशाची पट्टी अरुंद असली तरी तिच्यात कोणी ना कोणी सापडतो. दुसरा इलाज म्हणजे दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकणे. जीपीएसची जुनी नागरी लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झची, नवी ११७६.४५ ची. दोन्ही ऐकणारा बहुपट्टी संच आपटून आलेले संदेश बऱ्याच अंशी ओळखून बाजूला ठेवतो. घाटवाटांची नोंद करणाऱ्याने थोडे जास्त पैसे घालून बहुपट्टीच घ्यावा. नुसते चालणाऱ्याला अनेक उपग्रहमालिका ऐकणारा साधा ईट्रेक्स पुरतो.

आपल्या ‘नाविक’चे काय, असे विचारणारे देशाभिमानी वाचक आहेत आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह गेला, २०१६ पर्यंत सात उपग्रहांची मालिका पुरी झाली. पण त्यांतल्या काहींची परदेशी बनावटीची रुबिडियम घड्याळे बिघडली, आणि घड्याळ गेलेला उपग्रह जागा सांगायच्या कामाचा राहत नाही. २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ हा नव्या पिढीचा उपग्रह गेला. त्याच्यात भारतीय बनावटीचे घड्याळ आहे आणि जगभरच्या साध्या ग्रहणींना कळणारी लहरही आहे. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. तेव्हा नाविक ऐकणारा संच मिळाला तर आनंदाने घ्यावा, पण केवळ नाविकवर विसंबून सडा ओलांडू नये. आपल्या ‘गगन’ यंत्रणेचा फायदा मात्र आजच मिळतो. विमानांसाठी उभारलेली ही यंत्रणा जीपीएसमधल्या चुका मोजून उपग्रहावरून कळवते. संचाच्या सेटिंगमध्ये वास किंवा एगनॉस असे अमेरिकी-युरोपी नाव दिसेल, ते चालू केले की गगनही ऐकू येते.

सेलचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. आतच बॅटरी असलेला महागडा संच एका चार्जिंगवर कित्येक दिवस चालतो हे खरे. पण चार्जिंग संपले आणि आपण आंबेवाडीत आहोत, तीन दिवस वीज नाही, तर? दोन पेन्सिल सेलवर चालणारा संच मला याचसाठी आवडतो. असे संच कंपनीच्या हिशेबाने पंचवीस तास चालतात. मात्र गावच्या दुकानातले भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल घातले तर पाच-सहा तासही निघत नाहीत. अल्कलाइन सेल न्यावेत किंवा पुन्हा चार्ज होणारे निकेलचे. आणि सेलचा प्रकार बदलला की सेटिंगमध्येही बदलावा, नाहीतर संच भरलेल्या सेललाही रिकामा म्हणतो.

बटणे की स्पर्शपडदा? पावसात बटणे. यावर मी वाद घालत नाही.

होकायंत्राबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. स्वस्त संचांत बाण असतो, पण तो चालत असतानाच खरा असतो. कारण साधा जीपीएस दिशा ओळखत नाही, मागच्या आणि आताच्या जागेवरून ती काढतो. धुक्यात फाट्यावर थांबून ‘आता कुठे’ असा प्रश्न पडतो नेमक्या त्याच क्षणी तो बाण गोल फिरतो किंवा गोठतो. ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ही जोडी बाहेरून सारखीच दिसते. फरक असा की दुसऱ्यात खरे चुंबकीय होकायंत्र आणि हवेचा दाब मोजणारा उंचीमापक आहे. माझा सल्ला दुसऱ्याचा. सेल बदलल्यावर होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यावे लागते, त्यासाठी संच हातात धरून गोल फिरावे लागते. बघणारे हसतात, हसू द्यावे.

इथपर्यंत यंत्र झाले. पण माणसे वाट चुकतात ती बहुधा यंत्र खराब म्हणून नव्हे. ती आकडा कसा लिहिला आणि कोणत्या नकाशावर टाकला यात चुकतात. या भागात मी थोडा रेंगाळणार आहे.

एकच जागा तीन तऱ्हांनी लिहिता येते. समजा, कोल्हापूर शहरातल्या एका जागेचा अक्षांश १६ अंश ४२ मिनिटे ३० सेकंद आहे. तोच अंश आणि मिनिटांत लिहिला तर १६ अंश ४२.५ मिनिटे. निव्वळ अंशांत लिहिला तर १६.७०८३ अंश. आता कोणी फोनवर नुसते आकडे सांगितले : ‘सोळा, बेचाळीस, तीस.’ ऐकणाऱ्याच्या संचात मिनिटांचे दशांश लावलेले असतील तर तो ४२.३० मिनिटे असे भरतो आणि सुमारे ३७० मीटर दक्षिणेला जातो. सड्यावर ३७० मीटर म्हणजे कड्याची वरची कड आणि खालचे गाव यांतले अंतर. त्याहून वाईट म्हणजे कोणी १६.४२३० अंश असे भरले, तर रेखांश तोच धरून माणूस मुरगूडच्या आसपास शोधला जाईल, एकतीस-बत्तीस किलोमीटर दूर. शोधपथक प्रामाणिकपणे तिथे पोहोचेल आणि तिथे कोणी नसेल. म्हणून गटातल्या सगळ्यांचे संच आणि मोबाइल निघण्याआधी एकाच पद्धतीवर लावावेत, आणि जागा सांगताना ‘अंश’, ‘मिनिटे’, ‘दशांश’ हे शब्द उच्चारून सांगावे.

दुसरी अडचण जुन्या नकाशांची, आणि तिची मुळे महाराष्ट्राच्या मातीत पुरलेली आहेत असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटनने हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला. उत्तरेकडे सरकत असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे नेले जॉर्ज एव्हरेस्टने, आणि १८३० मध्ये त्याने पृथ्वीच्या गोलाचे जे मोजमाप बसवले त्यावर आपले नकाशे दीडशेहून अधिक वर्षे काढले गेले. ते मोजमाप हिंदुस्थानच्या जमिनीला चांगले जुळत होते. जीपीएस मात्र साऱ्या जगासाठी ठरवलेले डब्ल्यूजीएस-८४ हे मोजमाप वापरतो. दोहोंत पृथ्वीचा मध्यच थोडा वेगळा धरलेला आहे. परिणाम असा, की जुन्या भारतीय नकाशावरून काढलेला अक्षांश-रेखांश जसाच्या तसा संचात घातला तर आपल्या भागात जागा शंभर-दीडशे मीटरने सरकते. १:५०,००० च्या नकाशावर हे अंतर तीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. कागदावर नगण्य, घाटाच्या तोंडाशी उभे राहिल्यावर नगण्य नाही. नाळेची सुरुवात पुष्कळदा वीस-पंचवीस फूट रुंदीची असते. ती शोधताना दीडशे मीटर बाजूला कारवीच्या रानात शिरलो तर अर्धा दिवस जातो.

याला उपाय आहे. पन्हाळ्याचा भाग भारतीय सर्वेक्षणाच्या ४७ एल या पत्रकात येतो, विशाळगड शेजारच्या ४७ एच मध्ये. आपल्या हातातला नकाशा जुना असेल तर संचाच्या सेटिंगमध्ये डेटम बदलावे. गार्मिनच्या यादीत आपल्याला लागणारे डेटम ‘इंडियन बांगलादेश’ या नावाने असते. नाव वाचून पुष्कळ जण ते सोडून देतात, पण भारत आणि नेपाळही त्यातच धरलेले आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सामान्य नागरिकांसाठी वेगळी नकाशामालिका निघाली, ती डब्ल्यूजीएस-८४ वर आहे. २०१७ पासून ती संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. ही पत्रके असतील तर डेटम बदलू नये. नकाशाच्या समासात कोणते डेटम ते लिहिलेले असते, पहिल्यांदा समास वाचावा.

संचात आधीपासून येणारा नकाशा आपल्या भागात जवळपास कोरा असतो. ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले मोफत नकाशे कार्डात टाकता येतात. त्यांत स्वयंसेवकांनी चालून टाकलेल्या वाटा असतात आणि २००० सालच्या अवकाशयानाच्या मोजणीवरून काढलेल्या समोच्च रेषा असतात. उपयोगी आहेत, पण उभा कडा त्या रेषांत उतार होऊन जातो. दुसऱ्याने चाललेली वाट संचात भरून घेतली असेल तर ती कोणत्या महिन्यात चालली हे जरूर विचारावे. मार्चमध्ये कोरडा असलेला ओढा जुलैत माणूस नेतो.

उंचीच्या आकड्याबद्दल एक गंमत सांगतो. काही मोबाइल ॲप मालवणच्या वाळूत उभे राहिल्यावर उंची उणे साठ-सत्तर मीटर दाखवतात. यंत्र बिघडलेले नसते. डब्ल्यूजीएस-८४ चा गुळगुळीत गोल आणि खरी समुद्रसपाटी यांत आपल्याकडे तेवढाच फरक आहे, दक्षिण हिंदुस्थानात समुद्राची पातळी त्या गोलाच्या खाली दबलेली आहे. चांगला हातसंच हा फरक स्वतः वजा करून दाखवतो. ॲप करतेच असे नाही. गडांच्या उंचीवरून होणारे निम्मे वाद यातून आलेले असतात.

आता खाली उतरू. डोंगरातला आणि समुद्रातला जीपीएस आतून एकच, पण मागण्या वेगळ्या. डोंगरात संच हातातून पडला तर खाली वाकून उचलतो. पाण्यात पडला तर तरंगला पाहिजे. आयपीएक्स-७ असा शिक्का असलेला संच एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण बहुतेक ईट्रेक्स दगडासारखे बुडतात. जीपीएस ७३ किंवा जीपीएसमॅप ७९ या जातीचे संच तरंगतात. होडीवाल्याने तेच पाहावेत. कातडी पिशवीत घातलेला डोंगरी संच तरंगतो असे सांगणारे असतात. त्यांनी बादलीत घालून दाखवावा.

समुद्रावर मिनिटांचे दशांश हीच पद्धत लावावी. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. सागरी नकाशाच्या कडेला अंतर मोजायची फूटपट्टी फुकट मिळते ती यामुळे. इथेही आकड्यांचा घोळ उभा असतोच. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांसाठी मासळी मिळण्याच्या संभाव्य जागा कळवते. बंदरापासून दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश त्यात असतात, आणि ते सेकंदांत असतात. संच दशांशांवर लावलेला असेल तर ४५ सेकंदांचे ०.४५ मिनिट होते, हवे असते ०.७५. साडेपाचशे मीटरचा फरक पडतो. मासळीसाठी ठीक आहे, पण खडपासाठी नाही.

मालवणचा सिंधुदुर्ग ज्याने होडीतून पाहिला आहे त्याला खडप म्हणजे काय ते सांगायला नको. १६६४ मध्ये कुरटे बेटावर पाया घातलेला हा किल्ला तटाइतकाच भोवतीच्या खडकांनी राखला. भरतीत ते पाण्याखाली जातात. तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने मला ऐकवले होते, “यंत्र जागा सांगता, खडप सांगणा नाय.” त्याची स्वतःची रीत जुनी होती : किनाऱ्यावरचे देऊळ आणि मागच्या डोंगराची सोंड एका रेषेत आली की आत वळायचे. होडीत यंत्र होते, बाहेर दर्यात तो ते वापरत होता. बंदराच्या तोंडाशी मात्र डोळे किनाऱ्यावर.

तो म्हणत होता त्यात यंत्राचा एक नेमका दोष सापडतो. ‘गो टू’ दाबले की संच सरळ रेष काढतो. सरळ रेषेला खडप कळत नाही, तसा कडाही कळत नाही. गजापूरच्या अंगाने विशाळगड समोर दिसतो, संच अंतर अगदी थोडे दाखवतो आणि मध्ये खोल दरी असते. म्हणून एक शेवटची जागा भरून बाणामागे जाऊ नये. डोंगरात खिंड, पाणी, फाटा, वाडी अशा आणि समुद्रात प्रत्येक वळणाच्या सुरक्षित जागा आधी नकाशावरून काढून त्यांची माळ करावी. परतताना ‘ट्रॅकबॅक’ वापरावा, तो आपल्याच पावलांनी परत नेतो. मुक्कामाला नांगर टाकल्यावर नांगर सरकल्याचा इशारा देणारा गजर लावता येतो का ते पाहावे. आणि माणूस पाण्यात पडला तर त्या क्षणीची जागा धरून ठेवणारे एमओबीचे बटण कुठे आहे ते प्रत्येक खलाशाला अंधारात, चाचपून सापडले पाहिजे. पाच नॉट वेगाची होडी मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते. लाटांत डोके तेवढ्यात दिसेनासे होते.

जागा कळणे आणि ती दुसऱ्याला कळवता येणे या दोन गोष्टी आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळातून सुटलेल्या साठाहून अधिक नौका, बहुतेक केरळच्या, शेकडो मच्छीमारांना घेऊन सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. घरी मात्र त्यांचा पत्ता दिवस-दिवस नव्हता, कारण खोल दर्यातून किनाऱ्याशी बोलायला साधन नव्हते. त्यानंतर २०१९ मध्ये जेमिनी हे उपकरण आले, पण ते फक्त सूचना ऐकवते, आपली हाक पोहोचवत नाही. दोन्ही बाजूंनी संदेश जाणारी यंत्रे एक लाख मासेमारी नौकांवर बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. हौशी होडीवाल्याने निदान व्हीएचएफ संच जवळ ठेवावा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पाठ असावा.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. अमेरिकेतले किंवा ऑस्ट्रेलियातले नातेवाईक हौसेने इनरीचसारखा संच भेट आणतात. त्यात जीपीएस असतो आणि उपग्रहामार्फत निरोप पाठवायची सोयही असते. ही सोय भारतात परवानगीशिवाय बाळगणे कायद्याने गुन्हा आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी सागरी मार्ग, जीपीएस आणि सॅटेलाइट फोन वापरले. त्यानंतर यावरची नजर आणखी कडक झाली. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर असा संच सामानात सापडल्याने परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली. त्यांतल्या एकीने तर तो लपवलाही नव्हता. नुसता ऐकणारा जीपीएस घ्यायला-वापरायला अडचण नाही. बोलणारा नको. खोक्यावर ‘इरिडियम’ हा शब्द दिसला की थांबावे.

यंत्राशिवायही जमते असे म्हणणाऱ्यांचा एक आदर्श आहे तो अभिलाष टॉमी. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएस वापरायला बंदी होती. जागा सेक्स्टंटने, सूर्य-ताऱ्यांवरून काढायची. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’वरून तो निघाला, दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर मार बसला. पण लक्षात घ्या, आणीबाणीसाठी उपग्रहाशी बोलणारी साधने त्या शर्यतीतही प्रत्येक होडीवर सक्तीची होती. त्यामुळेच त्याची जागा कळली आणि २४ सप्टेंबरला फ्रेंच गस्ती जहाजाने त्याला उचलले. सेक्स्टंटची शर्यत खेळणाऱ्यांनीही यंत्र फेकून दिलेले नव्हते.

संच घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात करायची कामे थोडी आहेत. गच्चीवर उघड्यावर वीस मिनिटे ठेवावा, म्हणजे उपग्रहांचे ताजे वेळापत्रक उतरते. मग रंकाळ्याला एक पूर्ण फेरी मारावी आणि निघालो त्या दगडाशी परत येऊन रेषेची दोन टोके किती जवळ येतात ते बघावे. हेच तीन वेगवेगळ्या दिवशी करावे. संच ‘अचूकता ३ मीटर’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा तेवढ्यात असाल एवढाच आहे, हे तिसऱ्या दिवशी आपोआप कळते. नंतर घरच्या नळाखाली, बोटे ओली करून, एक जागा साठवून पाहावी. पन्हाळ्याच्या पायथ्याची, कुंभारवाडीची, खोतवाडीची, करपेवाडीची आणि पावनखिंडीची जागा स्वतः हाताने भरावी, दुसऱ्याची फाइल घेतली तरीही. तेच आकडे पेन्सिलने कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे, शाई पावसात पसरते. आणि संचाच्या पाठीवर कायम शाईने आपले नाव व फोन नंबर लिहावा. मसाईच्या सड्यावर गुराख्यांना अशी यंत्रे सापडतात, आणि नंबर असला की ती परत येतात.